तू एकच ठोका दिला होतास

अलका,

ही गोष्ट मी बारा-तेरा वर्षं टाळली. सांगायची वेळ आली की मी भाताचं बोलायचो, गुडघ्यांचं बोलायचो, हायवेवरच्या नव्या पुलाचं बोलायचो. मनात मात्र जुळवणी चालू असायची. पुढच्या खेपेला अलका आली की तिला ओट्यावर बसवायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. तू यायचीस, ओट्यावर बसायचीस, चहा प्यायचीस, मामीशी बोलायचीस आणि वडापच्या जीपची वेळ झाली की उठायचीस. मी फाट्यापर्यंत सोडायला यायचो. तिथंही वेळ असायचा. जीप लवकर कधी येते?

परवा तुझा दहावा झाला. नदीवरचं सगळं उरकल्यावर माणसं झाडाखाली चहाला बसली. तुझा थोरला दीर मारुती माझ्या शेजारीच होता. तुझ्याविषयी चांगलंच बोलत होता.

"लई कष्टाची बाई. म्हातारीचं केलं, दत्ताचं केलं, कुणाला उलटून बोलली न्हाई कंदी. एक ती टरकाची हौस तेवडी नडली. दोन ठोकं दिलं आन माझी दुभती म्हस घालवली बगा."

कुणीतरी म्हणालं, "बाईमानसाचं काम हाय का त्ये?"

"पर मामा देवमानूस," मारुती म्हणाला. "भाचीची चूक पदरात घेतली. सोताच्या दावणीची म्हस आनून बांदली आमच्या दारात."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय म्हणालो, ठाऊक आहे? "असू द्या आता. झालं गेलं."

म्हणजे तुझ्या दहाव्यालाही मी तुलाच माफ करून आलो.

म्हणून आज लिहायला बसलोय. हे मी छापायला देणार आहे, कारण जे खोटं चारचौघांत बोललो ते खरं करायचं तर चारचौघांतच करायला हवं. तुला यातलं काहीच नवीन नाही. तुला सगळं त्याच दिवशी माहीत होतं. आपल्या दोघांशिवाय कुणालाच नव्हतं, हीच तर माझी सोय झाली.

तू शिवऱ्याला आमच्या घरी आलीस ती सकाळ मला आठवते. तुझ्या नवऱ्याचे, दत्ताचे, साखर वाढून डोळे गेले होते. डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचा तो, वेल्ह्याकडच्या गावांतलं दूध पुण्याला न्यायचा. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि घरात एकदम अंधार झाला. मला वाटलं तू दत्तासाठी डॉक्टरची चौकशी करायला आलीस. तू पिशवीतले तांदूळ मामीच्या हातात दिलेस आणि माझ्यासमोर बसून म्हणालीस, "मामा, मला टरक शिकवा."

मी हसलो. "टरक कशाला? इमानच शिक की."

"इमान उतरायला आमच्या गावात जागा न्हाई," तू म्हणालीस. हसली नाहीस. "डेअरीवालं म्हनत्यात, पक्कं लायसन आना आन गाडी न्या. ह्यांच्या शेजारी बसून चार वरसं गेलीया म्या. रस्ता पाठ हाय. पिकअप येतीया, तिचं लायसन बी हाय. मोठ्या गाडीवर हात तेवडा बसवून द्या."

मामी आतून म्हणाली, "शिकवा की. गावच्या पोरान्ला शिकवता, ती शिकून दारू पिऊन पडत्यात."

मी तेव्हा लांबच्या फेऱ्या सोडून जुनी सहा चाकी घेतली होती. विटा-वाळूचं भाडं मारायचो आणि एका ड्रायव्हिंग क्लाससाठी अवजड गाडी शिकवायचो. माझी एक शेखी होती, ती तुलाही पाठ झाली होती. चाळीस वर्षं गाडी चालवली, गाडीला ओरखडा नाही. कलकत्ता बघितलं, गुवाहाटी बघितली, बर्फातला घाट बघितला, पण साधं कोंबडं चाकाखाली आलं नाही. शिवऱ्याच्या कुठल्याही हॉटेलात चहा घेताना हे वाक्य माझ्या तोंडून आल्याशिवाय कप खाली ठेवला जायचा नाही.

शिकवायची माझी रीत जुनी होती. माझ्या उस्तादानं मला जसं शिकवलं तसंच. आधी गाडीच्या मागं उभं राहायचं, मग पुढं बसायचं. स्टिअरिंगला हात लावण्याआधी क्लिनरची कामं यायला हवीत. चाकांची हवा बघणं, मागचा फाळका लावणं, चाकाला दगड देणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ठोका. गाडी मागं घेताना मागं उभ्या माणसानं पत्र्यावर हात मारून सांगायचं. दोन ठोके म्हणजे येऊ दे. एक म्हणजे थांब. आरशात गाडीच्या बाजू दिसतात, पाठ दिसत नाही. तेवढ्या जागेत ड्रायव्हर आंधळा असतो आणि मागच्याचा हात हेच त्याचे डोळे.

वरवे बुद्रुकच्या माळावर पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "आन ठोका देनारा चुकला तर वो?"

"तरीबी थांबायचं," मी म्हणालो. "मागं कोन हुबा हाय ते बगायचं न्हाई. एक ठोका पडला की पाय ब्रेकवर. मग खाली उतरून खुशाल भांडायचं."

हे मी तुला सांगितलं, अलका. माझ्याच तोंडानं.

त्या माळावरचे दिवस मी अजून मनातल्या मनात काढून बघतो. तुझे पाय क्लचला पुरायचे नाहीत म्हणून मामीनं पाठीमागं ठेवायला वाकळ शिवून दिली होती. जुन्या गाडीचा गिअर खाली घेताना क्लच दोनदा दाबायला लागायचा. तू एकदाच दाबायचीस आणि पेटीत असा आवाज व्हायचा की रस्त्यावरचे मोटारसायकलवाले थांबून बघायचे.

"मामा, ह्यो गेर रुसलाय माझ्यावर."

"रुसंल न्हाई तर काय. वरवंटा हाय का त्यो, रेटतीयास ते?"

"मग कसा धरू?"

"दह्याचं भांडं उचलतीस न्हवं, तसा."

दुसऱ्या दिवसापासून तुझा गिअर आवाज न करता पडायला लागला. मी चकित झालो, पण तोंडावर दाखवलं नाही. उस्तादानं कौतुक करायचं नसतं असं आम्हाला शिकवलेलं. आठचा आकडा तू तिसऱ्या दिवशी काढलास. तिथं मेंढरं चारणारा एक धनगर काठीवर हनुवटी टेकून रोज बघत बसायचा. त्याची मेंढरं आडवी आली की पोरं हॉर्न वाजवायची, तू इंजिन बंद करून थांबायचीस. तो एकदा मला म्हणाला, "उस्ताद, ही बाय पास हुनार. बाकीची तुमची पोरं नुसती गरम हायती."

आपली भांडणंही व्हायची. एक तर अजून मिटलेलं नाही. तू म्हणालीस, अर्धा भरलेला टँकर भरल्या टँकरपेक्षा वाईट. मी म्हणालो, काहीतरीच, वजन कमी तेवढी गाडी हलकी. तू म्हणालीस, "डोईवर अर्धा हंडा घेऊन चालून बगा मामा. पानी म्होरं पळतं आन मान घेऊन जातं." मी तुला गप्प केलं. चाळीस वर्षांत मी कधी टँकर चालवला नव्हता, हे मात्र तुला सांगितलं नाही. पुढं एका टँकरवाल्याला सहज विचारलं तर तो म्हणाला, बरोबर आहे, अर्ध्या टँकरला ब्रेक जपून दाबावा लागतो. तुझं बरोबर होतं हे सांगायला मी घरून निघालो नाही की फोन केला नाही. बघ, मोठी गोष्ट सांगायची राहिलीच, पण ही एवढीशीही मला जड गेली.

पाबे घाटात तू पहिल्यांदा गाडी चढवलीस तेव्हा माझा हात सारखा हॅन्डब्रेककडं जात होता. तू तो बघितलास आणि म्हणालीस, "मामा, हात मांडीवर ठेवा. मला भ्या वाटतं त्या हाताचं." वर पोचल्यावर तू गाडी कडेला घेतलीस, चाकाला दगड लावलास, आणि मग बांधावर बसून हसत सुटलीस. हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. "शेजारी बसून ह्यो घाट लहान वाटायचा," म्हणालीस. तुझ्या लग्नात अंतरपाटामागं तुला धरून मी उभा होतो तेव्हाही इतकं भरून आलं नव्हतं मला. तेही मी बोललो नाही. सांगायचं राहिलेलं असं बरंच आहे, सगळंच काही वाईट नाही त्यात.

आता तो दिवस.

मारुतीला नवी खोली बांधायची होती, त्याच्या विटा माझ्या गाडीत भरल्या होत्या. तुझी लायसनची ट्रायल जवळ आली होती. मीच म्हणालो, गाडी तूच घेऊन चल, सासरच्यांना बघू दे. पुढं-मागं शिकाऊची लाल अक्षराची पाटी लावली, मी डाव्या बाजूला बसलो आणि तू नसरापूरपासून मार्गासनीवरून थेट गावापर्यंत भरली गाडी आणलीस. मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. वेशीतून आत शिरलीस तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. तुझी सासू पदर तोंडाला लावून दारात आली. दत्ता ओसरीवर होता. त्याला धड दिसत नव्हतं, पण आवाजावरून तो म्हणाला, "गेर झ्याक टाकला बग. अलकाच हाय."

घराच्या मागं विटा उतरायच्या तर बोळातून गाडी उलटी घ्यावी लागणार होती. तू आरसा नीट केलास, गाडी सरळ लावलीस आणि माझ्याकडं बघितलंस. मी खाली उतरून मागं जाणार, एवढ्यात पारावरून एकजण ओरडला, "काय उस्ताद! भाची डायवर आन तुमी किलिनर झाला व्हय?"

माणसं हसली. दुसरा म्हणाला, "पुडल्या बारीला पोळ्या बी तुमीच लाटा!"

एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं, गावात अशी थट्टा रोज होते. तू पण हसलीस. मला मात्र ते कुठंतरी जाऊन लागलं. मी दार उघडून म्हणालो, "उतर. मी घेतो. तू मागं बग."

"मामा, म्या घेते की. जागा हाय."

"उतर म्हनलं ना."

तू उतरलीस. वाकळ तेवढी बाजूला सारून ठेवलीस, माझ्या पाठीला आडवी येऊ नये म्हणून.

मी गाडी मागं घ्यायला लागलो. दोन ठोके पडले. गाडी हळूहळू बोळात शिरली. पुन्हा दोन. आरशात उजवीकडं भिंत, डावीकडं मोकळं. माणसं बघत होती आणि मला एका दमात गाडी घालून दाखवायची होती. तेव्हा एक ठोका पडला.

एक. स्वच्छ. मी ऐकला.

मला वाटलं, भित्री आहे, हातभर आधीच थांबवते. चाळीस वर्षं मी भिंतीला बोट लागेल इतक्या जवळ गाडी लावलीय, ही काय मला थांबवते. असं अगदी शब्दांत वाटलं नसेल, पण माझा पाय ब्रेकवर गेला नाही. गाडी आणखी हातभर गेली.

मारुतीची म्हैस गोठ्याच्या भिंतीशी बांधलेली होती. सकाळपर्यंत ती तिथं नव्हती, विटांना जागा करायला कुणीतरी तिला इकडं आणून बांधली होती. गाडीचा मागचा भाग आणि दगडी भिंत यांच्यामध्ये ती सापडली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तिथं म्हैस होती म्हणून म्हैस. गोठ्यात तुझी सासू असती तर? शेजारची पोरं खेळत असती तर? ह्या विचारानं मी कितीदा उठून बसलोय.

मी खाली उतरलो तेव्हा तू पत्र्याला हात लावून तशीच उभी होतीस. मारुती धावत आला. म्हैस बघून त्यानं कपाळावर हात मारला आणि ओरडला, "ठोका कुनी दिला? कसा दिला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. पारावरचे तेही बोळाच्या तोंडाशी आले होते. मला वाटतं, मी विचार केलाच नाही. तोंडातून आलं, "हिनं दोन दिलं. मी आलो."

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही. मला वाटतं, तुला आधी समजलंच नाही मी काय म्हणालो ते. मग तू म्हणालीस, "मामा, म्या एकच..."

"गप बस," तुझी सासू म्हणाली. "तोंड वर करून बोलतीया. ल्योक आंधळा झाला, आता गोठा बी रिकामा केला."

तू माझ्याकडं आणखी एकदा पाहिलंस, मी सांगतो का म्हणून. मी म्हशीपाशी जाऊन वाकलो आणि तिचं दावं सोडायला लागलो. दावं सोडून काय होणार होतं? तिच्या मागच्या दोन्ही पायांची हाडं मोडली होती. संध्याकाळी ती मेली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या गोठ्यातली पहिल्या वेताची म्हैस मारुतीच्या दारात नेऊन बांधली. लोक म्हणाले, मामा असावा तर असा. तुझी आई, माझी बहीण, माझ्या हातावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "दादा, पोरीची चूक तू भरलीस." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती गेली तीही हेच समजून गेली. आपल्या लेकीनं घोळ केला आणि भावानं निस्तरला.

इथवर एका क्षणाचं भ्यालेलं तोंड होतं असं म्हणता येईल. पुढचं मात्र मी शांत डोक्यानं केलं.

तुझा फोन आला. "मामा, ट्रायलचं काय करायचं? म्या घरच्यांचं बगते. तुमी या फकस्त."

मी म्हणालो, "घरच्यांचा राग जरा निवू दे."

"राग निवंल. टँकर दुसऱ्याला जाईल मामा."

"बगू," म्हणालो आणि ठेवला. पुन्हा तुझा फोन आला तर मामीला सांगितलं, बाहेर गेलोय म्हण. तुझं शिकाऊ लायसन तसंच संपलं. मग डेअरीवाला स्वतः मला नसरापूरच्या बाजारात भेटला. भला माणूस. त्याच्या मनातून तू गेली नव्हतीस. म्हणाला, "उस्ताद, खरं सांगा. म्हशीचं ऐकलं मी. पण तुमची भाची गाडीवर कशी आहे? तुम्ही हो म्हणालात तर आणखी महिनाभर थांबतो."

मी म्हणालो, "हात चांगला हाय. पर अंदाज न्हाई."

ड्रायव्हरबद्दल याहून वाईट बोलता येत नाही, हे तुला मीच शिकवलं होतं. गिअर येतो, ब्रेक येतो, अंदाज असावा लागतो. आणि मी ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांत अंदाज कुणाचा पक्का असेल तर तो तुझा. मला भीती होती, अलका. तू लायसन काढून रोज भरला टँकर घाटातून नेऊ लागलीस, एका वर्षात, दोन वर्षांत काहीच झालं नाही, तर लोक म्हणाले असते, मग त्या दिवशी ठोका चुकला कसा? म्हणून तुझं चालवणंच बंद केलं मी. माझा चाळीस वर्षांचा ओरखडा नसलेला पत्रा तसाच चकचकीत राहावा म्हणून.

तू पानशेतला भाकरी करायच्या कामाला लागलीस. धरणाकडं शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात, त्या हॉटेलात चुलीपुढं. दत्ताची औषधं, घर, सगळं त्यावर चाललं. मी दोन-तीन वर्षं तिकडं फिरकलो नाही. मग एकदा पुतण्यानं गाडीतून नेलं आणि जेवायला नेमक्या त्याच हॉटेलात थांबवलं. तू मला बघून आतून आलीस, पाणी दिलंस, म्हणालीस, "मामा, पिठलं ताजं हाय. बसा." माझ्या ताटात तू न विचारता आणखी एक भाकरी टाकलीस.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा सुरू झाला. सहलीची बस अडकली होती. मागं ओढा, पुढं गाड्यांची रांग, आणि चौघंजण चार दिशांनी येऊ द्या येऊ द्या करत होते. तू तशीच उठलीस. पिठाच्या हातानं. सगळ्यांना बाजूला केलंस आणि बसच्या मागं जाऊन पत्र्यावर दोन ठोके दिलेस. बस मागं आली. पुन्हा दोन. मग एक.

बस जागच्या जागी थांबली.

तो ड्रायव्हर तुला ओळखत नव्हता. त्यानं आरशात फक्त साडीचा पदर बघितला असेल. तरी तो थांबला. मागचं चाक काठापासून वीतभर होतं. बसच्या निळ्या पत्र्यावर तुझ्या पंजाचे पांढरे ठसे उमटले होते. तू परत चुलीकडं जाताना माझ्या टेबलाशी आलीस, हात पुसत म्हणालीस, "थांबला बगा, मामा."

टोमणा नव्हता तो. तुला टोमणा मारायचा असता तर तो कसा मारायचा हे तुला चांगलं येत होतं. तू मला दार उघडून दिलं होतंस, एवढंच. मी म्हणालो, "भाकरी मऊ झालीया." आणि खाली मान घालून जेवलो.

तुला शेवटी पुण्याला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी दोनदा आलो. पहिल्यांदा माणसं होती, ते कारण चाललं. दुसऱ्यांदा दत्ता बाकावर झोपला होता आणि आपण दोघंच होतो. तुझे हात बारीक झाले होते. मी संत्री सोलत बसलो. तू बराच वेळ माझ्या हातांकडं बघत होतीस. मग म्हणालीस, "मामा, काय बोलायचंय का तुमाला?"

"न्हाई गं. काय बोलायचंय."

"बोला की. म्या काय आता कुनाला सांगनार न्हाई."

आणि हसलीस. मी संत्र्याची फोड तुझ्यासमोर धरली. म्हणालो, "गोड हायत. खा." तू ती फोड घेतलीस. खाल्ली नाहीस, हातात धरून ठेवलीस. थोड्या वेळानं म्हणालीस, "उशीर हुईल तुमाला. जावा. गर्दीचं नीट जावा." तेव्हाही तुला माझ्याच जाण्याची काळजी.

दहाव्याहून आल्यावर मी हे सगळं तुझ्या मामीला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. मग म्हणाली, "मला अंदाज हुता."

"कसा?"

"त्या दिसानंतर तुमी एकाबी पोराला ठोका शिकवला न्हाई. मी ओट्यावरनं ऐकायची. हवा सांगायचा, ब्रेक सांगायचा. ठोका आला की इषय बदलायचा."

"मग बोलली का न्हाईस?"

"मी बोलून काय? बोलायचं तुमी हुतं." भांडं उपडं घालून ती आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. बरोबर आहे तिचं.

हे छापून आलं की अंक घेऊन मी तुझ्या सासरी जाणार आहे. मारुतीला, दत्ताला, ओसरीवर बसवून वाचून दाखवणार आहे. पारावर जे असतील त्यांनाही बोलावणार आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत. माझं वय बघून गप्प बसू नयेत एवढंच वाटतं. दत्तानं तर मुळीच गप्प बसू नये. त्यानं आवाजावरून तुझा हात ओळखला होता, आणि इतकी वर्षं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवला.

तुला माफ कर म्हणायला मला तोंड नाही. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि तू इतकी मऊ होतीस की दिली असतीस. म्हणून जिवंतपणी मागितली असती तरी ती फुकटचीच झाली असती. पण मागायला हवी होती. तुझ्यासमोर, त्या बोळात, सगळ्यांच्या देखत, त्याच वेळी. ती मी आज मागतोय. ऐकायला तू नाहीस, हे माझ्या सोयीचं आहे, तेही मला कळतं.

अलका, त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी ऐकलं होतं आणि थांबलो नाही. मग खोटं बोललो. तुझा अंदाज पक्का होता, तो नाही असं मी सांगितलं आणि तुझी गाडी काढून घेतली. बाई, माझं चुकलं.